बासरीची निगा : कपाटात नव्हे, मुलांच्या हातात



आज एक छोटंसं काम सांगते. उद्या शाळेत गेल्यावर कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडा. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे, संगीताचं साहित्य असेल. एक खंजिरी, दोन-चार टाळ, लेझीम, आणि बहुतेक एखादी बासरी. ती बासरी हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि तिच्या अंगावर उभी चीर पडली आहे का ते बघा. माझा अंदाज आहे की पडलेली असेल. आमच्या शाळेत पडली होती. आणि ती चीर पाडणारी मी होते.

हा लेख बासरी कशी वाजवावी यावर नाही. मला बासरी धड वाजवता येत नाही, सा लावायलाच माझी दमछाक होते. हा लेख बासरीची निगा कशी राखायची यावर आहे, आणि ती निगा कोणी राखायची यावर आहे. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर माझं ठाम मत झालेलं आहे, तेच आज तुमच्यासमोर मांडते.

जप्तीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. जंगलाच्या कडेचं छोटं गाव, घरी गोंडी बोलणारी मुलं. त्यातला एक मुलगा वर्गात जवळजवळ बोलतच नसे. विचारलं तर मान हलवायचा, तेवढंच. पण त्याच्या दप्तरात कायम एक बासरी असायची. आजोबांनी दिलेली. मी भागाकार शिकवत असताना मागून हळूच फुंकर यायची. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी बासरी काढून घेतली आणि कपाटात टाकली. म्हटलं, "सुट्टी लागायच्या दिवशी देईन."

फेब्रुवारीचे दिवस होते. मग परीक्षा आल्या, प्रशिक्षण आलं, निकालपत्रकं आली. सुट्टी लागली त्या दिवशी मी विसरले. त्यानेही मागितली नाही. आपल्या विदर्भात उन्हाळा किती कडक असतो ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, वर टिनाचं छप्पर आणि बंद खोलीत लोखंडी कपाट. जून संपता संपता शाळा उघडली तेव्हा मी कपाट उघडलं. त्याच्या बासरीला तोंडाच्या छिद्रापासून तिसऱ्या छिद्रापर्यंत उभी चीर गेली होती. शाळेच्या चार बासऱ्या होत्या, त्यातल्या दोन तडकल्या होत्या आणि एकीच्या खाली पिवळसर पीठ सांडलं होतं, म्हणजे घुण लागला होता.

मी त्याला बोलावून बासरी परत दिली. मला वाटलं रडेल, किंवा रागावेल. त्याने चिरेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, तू तेल नाही लावलीस?"

आमच्याकडची मुलं शिक्षकांना सहज 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. त्या प्रश्नात तक्रारही नव्हती. एखाद्याच्या घरी आपलं वासरू बांधून जावं आणि परत आल्यावर विचारावं की पाणी नाही पाजलं का, तसा तो प्रश्न होता. वर्षभरात त्याने माझ्याशी स्वतःहून बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बासरीला तेल लावतात हे मला माहीतच नव्हतं.

बासरी तडकते का?

त्यानंतर मी जे शिकले ते आधी सांगते, कारण कारण कळलं की निगा आपोआप कळते.

बांबूचे सगळे तंतू उभे असतात, लांबीच्या दिशेने. कांड्यामध्ये आडवे बांधून ठेवणारे तंतू नसतात. म्हणून तर कोयत्याचा एक घाव बसला की बांबू सरळ रेषेत चिरत जातो आणि सूप-टोपल्यांच्या कामट्या निघतात. जो गुण बुरूडकामात उपयोगी, तोच बासरीला घातक. ताण आला की ती उभीच फाटणार.

हा ताण येतो पाण्यामुळे. बांबूची बाहेरची साल गुळगुळीत, मेणचट, सहसा पाणी न पिणारी असते. आतली बाजू मऊ आणि पाणी शोषणारी. आपण फुंकतो तेव्हा श्वासातली वाफ आत जमते, आतली बाजू फुगते. बाहेर मात्र उन्हाळ्याची कोरडी हवा असते. एक बाजू फुगतेय, दुसरी आकसतेय. हे हळूहळू झालं तर बांबू सांभाळून घेतो, झपाट्याने झालं तर तडकतो. वाजवून झालेली ओली बासरी उन्हात ठेवणं, थंडीच्या सकाळी गारठलेल्या बासरीत एकदम गरम फुंकर मारणं, बंद कपाटात महिनोन्‌महिने सुकवणं, हे सगळे तडकण्याचेच रस्ते. ओलावा सगळ्यात लवकर उडतो तो उघड्या टोकांतून आणि छिद्रांच्या कडांतून. म्हणून चीर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

घुणाचं कारण वेगळं. बांबूत पिठूळ अंश असतो, तो किड्यांचं खाणं. बासरीखाली बारीक पीठ दिसलं, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, की ती बासरी लगेच इतरांपासून वेगळी ठेवायची.

आजोबांनी काय केलं

एका रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. मुद्दाम गेले, लाज वाटत होती म्हणून. आजोबांनी बासरी पाहिली, काही बोलले नाहीत. आधी कोंबडीचं लांब पीस आत घालून धूळ काढली. मग चिरेत मेण दाबून भरलं आणि छिद्रं सोडून दोन ठिकाणी सुती दोरा घट्ट गुंडाळला, फेऱ्याला फेरा लावून. मग तळहातावर टोरीचं तेल घेतलं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, आणि बासरीला आतून-बाहेरून चोळलं. "रात्रभर राहू दे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगा बासरी घेऊन शाळेत आला. सुरात थोडी हवा मिसळत होती, पण वाजत होती.

मी डीएड केलं, कितीतरी प्रशिक्षणं केली. पण आमच्या गावात हे ज्ञान होतं आणि माझ्या शाळेत नव्हतं. उलट, ते ज्ञान दप्तरात घेऊन येणाऱ्या मुलाकडून मी ते जप्त करून ठेवलं होतं.

निगा कशी राखायची

आता कामाचं. हे आम्ही वर्गात करतो, तुम्हीही करू शकता.

१) वाजवून झाल्यावर लगेच पुसा. बारीक काडीला मऊ सुती कापड गुंडाळायचं (जुनी धुतलेली सुती साडी सगळ्यात चांगली), उघड्या टोकातून आत घालायचं, हळू फिरवून बाहेर काढायचं. काडीचं टोक उघडं राहता कामा नये. आडव्या बासरीचं दुसरं टोक गाठीने किंवा बुचाने बंद असतं. तिथे काडी ठोकू नका, कारण बूच सरकलं की सूर बिघडतो.

२) पाण्यात बुडवू नका. आमच्या मुलांनी एकदा उत्साहाने सगळ्या बासऱ्या बोरिंगवर धुतल्या आणि टिनावर वाळत घातल्या. परिणाम तुम्ही ओळखला असेल. फार मळली असेल तर कापड ओलं करून घट्ट पिळायचं, पुसायचं आणि सावलीत सुकू द्यायचं. साबण, डिटर्जंट नको.

३) तेल लावा, पण बेतानं. मोहरीचं तेल सगळीकडे वापरलं जातं आणि सहज मिळतं. चार-पाच थेंब पुरतात. कापडाला लावून आतून, टोकांना आणि छिद्रांच्या कडांना हलका हात फिरवायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी जास्तीचं तेल कोरड्या कापडाने टिपायचं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात महिन्यातून एकदाही पुरे, कारण हवेतच ओल असते आणि तेल साचलं की बुरशी धरते. टोरीचं तेल चालतं, फक्त थंडीत ते गोठतं, तेव्हा हातावर घासून पातळ करून घ्या. जवसाचं तेल आपल्या भागात घरोघर असतं, पण ते वाळून चिकट थर धरतं. बासरीच्या आत तो थर नको.

४) थंडीच्या दिवसांत वाजवण्याआधी दोन मिनिटं बासरी तळहातात धरून कोमट करा, मग फुंका.

५) कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. पिशवी भिंतीवर खिळ्याला टांगा, पण उन्हाची तिरीप, चूल आणि टिनाचं छप्पर यांपासून दूर.

६) उभी बासरी असेल, जिला आपण पावा किंवा अलगूज म्हणतो, तर तिच्या तोंडाशी लाकडाचा तुकडा बसवलेला असतो आणि हवा जायला अरुंद फट असते. तिथे थुंकी आणि धूळ अडकून आवाज बसतो. कागदाची पातळ पट्टी फटीतून फिरवा. टाचणी किंवा तार घालू नका, कड एकदा खरवडली की तो आवाज परत येत नाही.

७) केसासारखी चीर दिसली की वाट पाहू नका. दोन्ही बाजूंना घट्ट दोरा बांधा, चिरेत मेण भरा. लवकर बांधली तर चीर तिथेच थांबते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाने वाजवलेली बासरी दुसऱ्याने तशीच तोंडाला लावायची नाही. खोकला-सर्दी असलेल्या मुलाने तर मुळीच नाही. प्रत्येकाची वेगळी बासरी हाच खरा उपाय. अगदीच वाटून वापरावी लागली तर तोंडाची जागा कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. स्पिरिटची बाटली मात्र शिक्षकांच्याच ताब्यात.

मग आपण कपाटात का ठेवतो?

कारण तुम्हालाही माहीत आहे. वस्तू शाळेत आली की डेडस्टॉक रजिस्टरला चढते. रजिस्टरला चढलेली वस्तू हरवली, मोडली, की उत्तर द्यावं लागतं. म्हणून आपण ती वस्तू मुलांपासून वाचवतो. तपासणीच्या दिवशी बाहेर काढून टेबलावर मांडतो, संध्याकाळी परत आत. मी स्वतः हे केलंय, म्हणून कोणाला नावं ठेवत नाही.

पण बासरीच्या बाबतीत हा हिशोब उलटा आहे. लोखंडी खुर्ची न वापरता वर्षानुवर्षं टिकते. बासरी मात्र जी रोज वाजते, रोज पुसली जाते, आठवड्याला तेल पिते, तीच टिकते. हातात असलेल्या बासरीची चीर पहिल्या दिवशी दिसते, कपाटातल्या बासरीची चार महिन्यांनी दिसते. म्हणजे ज्या भीतीने आपण ती कुलपात ठेवतो, ते नुकसान कुलपातच होतं.

माझं म्हणणं असं की बासरी खडूसारखी वापरून संपणारी वस्तू समजावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घ्यावा, पालकांसमोर ठराव करावा की या बासऱ्या मुलांना वर्षभरासाठी वापरायला दिल्या जातील, आणि मोडली तर रीतसर निर्लेखन होईल. ठराव झाला की शिक्षकाच्या मनावरचं ओझं उतरतं. आमच्याकडे एक साधी वही आहे. कोणाकडे कोणती बासरी, कधी तेल लावलं, कुठे चीर दिसली. ती वही मुलंच भरतात.

याबाबतीत आपल्याच जिल्ह्यातलं एक मोठं उदाहरण मला नेहमी आठवतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत आहेच. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी बांबू डोळ्यासमोर होता, पण तोडून विकायचा अधिकार गावाकडे नव्हता. ज्याला वापरायचा हक्क, त्यालाच राखायची काळजी, हे तत्त्व आपल्या गडचिरोलीने देशाला दाखवलं. मोठ्या माणसांना जंगलाच्या बाबतीत जे लागू पडतं, ते आठ वर्षांच्या मुलाला एका बासरीच्या बाबतीत का लागू पडू नये?

काही शंका

"मॅडम, आधी वाचन-लेखन येऊ द्या, मग बासरी," असं माझे एक सहकारी म्हणाले. त्यांचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला वाचता आलंच पाहिजे. पण त्या न बोलणाऱ्या मुलाने चौथीत पहिल्यांदा स्वतःच्या मनाने सहा ओळी लिहिल्या, त्या 'बासरीला तेल कसे लावावे' यावर. 'आधी', 'मग', 'नंतर' हे शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, ते त्याला इथे लागले म्हणून आले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, क्रम मात्र एकदम बरोबर होता. तो लगेच हुशार झाला, पहिला आला, असं काही मी म्हणणार नाही. भागाकार त्याला अजूनही जड जायचा. पण तो बोलायला लागला.

दुसरी शंका, "प्लास्टिकची बासरी घ्या ना, धुता येते, तडकत नाही." वाटून वापरायची असेल तर प्लास्टिकची सोयीची आहे, हे मी मान्य करते. ज्या शाळेला प्रत्येक मुलाला वेगळी बासरी देता येत नाही, तिने ती जरूर घ्यावी. पण जी वस्तू निगा मागतच नाही, ती निगा शिकवतही नाही. निदान एक-दोन बांबूच्या असाव्यात.

तिसरी शंका मुलांनीच काढली होती. "आपल्याकडे एवढा बांबू, मग यात्रेतल्या बासऱ्या बाहेरून का येतात?" प्रश्न चांगला आहे. आपल्या जंगलात जास्त करून मानवेल. त्याची भिंत जाड, कधी कधी तर आतून पूर्ण भरीव. काठीला, घराला, कागदाला उत्तम. आडव्या बासरीला मात्र पातळ भिंतीचा, लांब कांड्याचा, सरळ बांबू लागतो. तसा बांबू आसामच्या बाजूला होतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव, तिथले कारागीरही बांबू आसामातूनच आणतात. मार्कंड्याच्या यात्रेत विकत घेतलेली बासरी किती लांबून आलेली असू शकते, हा भूगोलाचा एक अख्खा तास आहे.

पण म्हणून आपला भाग बासरीला परका नाही. शेजारच्या बस्तरमध्ये, नारायणपूरचे पंडीराम मंडावी 'सुलूर' नावाची बांबूची बासरी बनवतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे मुलांना सांगा. आपल्या आजोबांसारखा दिसणारा, आपल्यासारख्याच जंगलात राहणारा माणूस बांबूच्या कामासाठी राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतो, हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वर्गात करून पाहा

- आनंददायी शनिवारी 'तेलवार' ठेवा. अर्धा तास पुरतो. पुसणे, तपासणे, तेल लावणे, वहीत नोंद.
- परिसर अभ्यास : बांबूचा एक तुकडा उन्हात, एक सावलीत आणि एक तेल लावून सावलीत ठेवा. पंधरा दिवस रोज निरीक्षण लिहायला सांगा.
- भाषा : 'बासरीची निगा' या विषयावर क्रमाने सूचना लिहिणे. ज्यांना मराठीत अडतं त्यांनी आधी आपल्या घरच्या भाषेत सांगावं, मग सगळ्यांनी मिळून मराठीत लिहावं.
- गावातल्या एका जाणत्या माणसाला बोलवा. खुर्ची द्या, आणि तो तास तुम्ही मुलांबरोबर खाली बसून ऐका.

शेवटी एवढंच. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला काही वर्षं लागली. "नाही रे, तेल नाही लावलं. मला माहीत नव्हतं. तू शिकव." हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. आता तो मोठ्या शाळेत गेला आहे. जाताना त्याने आपली वही, म्हणजे तेलाच्या नोंदीची वही, दुसरीतल्या एका मुलीकडे सोपवली. मला न विचारता सोपवली, आणि बरोबर मुलीकडे सोपवली.

तेव्हा उद्या कपाट उघडाच. बासरी तडकली असेल तर दोरा बांधा. चांगली असेल तर लगेच बाहेर काढा. आणि तुमच्या वर्गात मागच्या बाकावरून हळूच फुंकर आली, तर जप्त करण्याआधी एकदा विचारा, "याला तेल कधी लावलंस?"

तुमचे अनुभव जरूर कळवा.